आयतालेखातली फट

सुलभा गेल्याचं मला एका अनोळखी बाईनं वाचून दाखवलं. मी डोळ्यांच्या दवाखान्यात होते. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातलेले, समोरचं सगळं धुक्यात. पर्समध्ये फोन सारखा थरथरत होता. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर इतके निरोप एकदम आले की हल्ली मी लगेच फोन उघडते, कारण त्या गटावर आता वाढदिवस कमी आणि कोणीतरी गेल्याच्या बातम्याच जास्त. शेजारी वैजापूरची एक बाई सासूला घेऊन बसली होती. तिला म्हटलं, जरा वाचता का? तिनं फोन लांब धरला आणि अडखळत वाचलं, "सुलभाबाई आज सकाळी गेल्या... आन् मग खाली सगळ्यांनी नुसते हात जोडलेत." फोन माझ्या हातात ठेवत ती हळूच म्हणाली, "कोन होत्या तुमच्या?" मैत्रीण, म्हटलं. तेवढ्यात माझा नंबर पुकारला आणि मी आत जाऊन पडद्यावरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करत बसले. रडूसुद्धा नीट आलं नाही. डोळ्यांत आधीच इतकं पाणी होतं.

आम्ही शहरातल्या एकाच शाळेत लागलो, एकाच वर्षी. मी मराठी शिकवायची, ती गणित. तिच्या तासाला वर्गाबाहेरून गेलं तरी आतली शांतता वेगळी वाटायची, मुलं पट्टी-पेन्सिल घेऊन वाकलेली असायची. सांख्यिकीचा धडा बहुतेक शिक्षक वर्षाअखेरीस उरकून टाकतात, सोपा आहे म्हणून. सुलभा तो सुरुवातीलाच घ्यायची आणि लई वेळ लावायची. एकदा स्टाफरूममध्ये डबा खाताना मी तिला सहज विचारलं की स्तंभालेखात दोन स्तंभांमध्ये जागा सोडता आणि आयतालेखात एकमेकांना चिकटवता, ते का? तिनं घास खाली ठेवला. म्हणाली, "अगं मंदा, आंबा, पेरू, केळी, ही वेगवेगळी. म्हणून मध्ये जागा. पण उंची, वय, अंतर हे सलग असतं ना? एक वर्ग, म्हणजे एक टप्पा, संपतो तिथंच दुसरा सुरू. म्हणून चिकटून. आणि आयतालेखात कुठं फट दिसलीच, तर ती काढणाऱ्यानं सोडलेली नसते. तिथं खरंच कोणी नसतं." मग तिनं घास उचलला. मला वाटलं, ही बाई जेवताना तरी गप्प का बसत नाही.

तिच्या बदलीची गोष्ट आमच्या पिढीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण आता सांगणारे कमी उरले. दहावीचा निकाल लागला होता. आमचा निकाल शेजारच्या शाळेपेक्षा किंचित बरा होता. मुख्याध्यापकांनी प्रवेशाच्या वेळी फाटकावर लावायला मोठा स्तंभालेख करून घेतला. त्यात आमचा स्तंभ शेजारच्या दुप्पट उंच! सुलभानं फलकाजवळ जाऊन अक्षावरचे आकडे वाचले आणि मग मला बरोबर घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. "सर, उभा अक्ष ऐंशीपासून सुरू केलाय," ती म्हणाली. "शून्यापासून काढला तर दोन्ही शाळा जवळजवळ सारख्याच दिसतील." सर हसले. "ते मला कळतं हो बाई. पालकांना कुठं कळतं?" ती म्हणाली, "म्हणूनच तर. निदान खाली नागमोडी खूण तरी करा, अक्ष मध्येच तोडलाय म्हणून. आपण मुलांना खूण केली नाही तर गुण कापतो." सरांचं हसणं थांबलं. फलक तसाच लागला. नववीच्या मुलांना तिनं त्याच फाटकासमोर नेलं आणि तो फलक वाचायला लावला. पुढच्या जूनमध्ये तिची बदली संस्थेच्या, लांबच्या पिशोर गावातल्या शाळेवर झाली. कारण कोणी सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही.

मग सुरू झाली ती रोजची एस.टी. घरात सासू अंथरुणाला, मुलगा लहान, नवरा पाटबंधारे खात्यात. पिशोरला खोली घेऊन राहणं शक्य नव्हतं. पहाटे उठून स्वयंपाक करायचा, बस पकडायची, अंधार पडता परत यायचं. त्या वर्षांत ती मला रविवारीच भेटायची आणि बोलता बोलता बसल्या जागी झोपायची. मी तिच्या हातातला कप काढून घ्यायची. एकदा म्हटलं, माफी मागून टाक ना, परत आणतील. तिनं डोळे न उघडताच विचारलं, "कशाची?"

पिशोरचं तिनं मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तिथं तिनं आठवीच्या मुलांना पुस्तकातली उदाहरणं दिलीच नाहीत. घर शाळेपासून किती लांब, हे प्रत्येकानं सांगायचं, त्याचे वर्ग पाडायचे आणि आयतालेख काढायचा. गावातल्या मुलांचे स्तंभ उंच आले. मग उतरत गेले. मग एकदम काहीच नाही... आणि त्याही पुढं, अगदी लांबच्या अंतरावर, पुन्हा दोन बुटके स्तंभ. तिला आधी वाटलं मुलांची चूक झाली. पुन्हा विचारलं, पुन्हा काढलं. फट तिथंच. लांबच्या गावांतली मुलं बसनं येत होती, जवळची चालत. मग मधल्या पट्ट्यात कोणी राहतच नाही का? वर्गातली एक मुलगी म्हणाली, "राहत्यात की बाई. फाट्यावरची वस्ती हाय ना. पन त्यांच्या पोरी नाय येत."

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर ती चालत त्या वस्तीवर गेली. दहा-पंधरा घरं, मराठ्यांची काही, काही मुसलमानांची, सगळे शेतकरी. चौथीपर्यंतची शाळा वस्तीवर होती, पुढं काही नाही. एका घरासमोर अन्वरभाई नावाचे गृहस्थ मका वाळवत होते. ते म्हणाले, "पाठवावं तर लई वाटतंय बाई. पन यष्टी थांबत नाय इथं. भरधाव जाते. पोरींनी चालत जायाचं म्हनलं तर मधी सगळं मक्याचं रान, मानसापेक्षा उंच. तुम्हीच सांगा, कुनाच्या भरवशावर पाठवू?" सुलभा फाट्यावर येऊन उभी राहिली, आणि परतीची बस खरंच फाट्यावर न थांबता तिच्या अंगावर धूळ उडवून गेली. हे सांगताना ती हसली होती, पण थकून.

नंतर आगाराच्या खेपा. मुलांनी काढलेला तो आलेख गुंडाळी करून ती घेऊन जायची. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, त्या फाट्यावर प्रवासीच नाहीत. गाडी थांबवून करू काय?" ती म्हणाली, "प्रवासी नाहीत म्हणून थांबत नाही, का थांबत नाही म्हणून प्रवासी नाहीत? हा बघा, दोन्ही बाजूला मुलं आहेत. मधलीच कशी नाहीत?" साहेबांनी आलेख उलटा धरला होता, असं ती सांगायची. पावसाळा गेला, हिवाळा गेला. सरपंच, अन्वरभाई आणि वस्तीवरच्या चार बायका अशा सगळ्यांना घेऊन ती पुन्हा गेली, तेव्हा कुठं सकाळची आणि संध्याकाळची एकेक गाडी फाट्यावर थांबायला लागली. जूनमध्ये वस्तीवरच्या काही मुली शाळेत आल्या. मी म्हटलं, जिंकलीस की गं! ती म्हणाली, "वस्तीवरच्या थोरल्या दोघींची उन्हाळ्यातच लग्नं झाली, मंदा. एक वर्ष आधी बघायला हवं होतं." त्या दिवशी ती चहा न घेताच गेली.

निवृत्तीनंतर चार-सहा वर्षं बरी गेली असतील नसतील, तिला कंपवात झाला. पट्टीनं रेघ ओढणारा हात भाताचा घाससुद्धा सांडायला लागला. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद झाले, आमची फिरण्याची वाट मात्र आखडत आखडत कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत आली. डॉक्टर विचारायचे, गोळीचा परिणाम किती वेळ राहतो? वसंतराव, म्हणजे तिचे यजमान, सांगायचे, "कधी राहतो, कधी नाही." सुलभाला ते उत्तर सहन व्हायचं नाही. एका दुपारी तिनं मला बोलावलं आणि आलेखाचा कागद पुढं केला. दिवसाच्या कोणत्या तासाला हात किती वेळ स्थिर राहतो, याचा स्तंभालेख तिला काढायचा होता. मी पट्टी घट्ट दाबून धरली. तिची पेन्सिल पट्टीवरून सारखी घसरत होती. मी म्हटलं, दे, मी काढते. "नको. रेघ वाकडी आली तरी चालेल. उंची बरोबर पाहिजे." संध्याकाळ होईपर्यंत आम्ही तो एक कागद करत होतो. डॉक्टरांनी तो पाहिला, दुपारच्या तासांचे खुजे स्तंभ पाहिले, आणि गोळ्यांच्या वेळा बदलल्या. त्यानंतर काही महिने ती स्वतःच्या हातानं जेवली. मग तेही संपलं. शेवटी न्यूमोनिया झाला, आणि आम्ही सगळेच इतके दमलो होतो की ती गेली तेव्हा पहिल्यांदा दुःख नाही, नुसता थकवा आला.

तेराव्याला एक बाई आली, तिला घरातलं कोणी ओळखेना. सिल्लोडला एका दवाखान्यात नर्स आहे, म्हणाली. नाव शाहीन. अन्वरभाईंची धाकटी. तिनं फोटोसमोर फूल ठेवलं, मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, "बाई आमच्या घरी आल्या तवा मी दाराआड उभी व्हते. माझी थोरली बहीन बी व्हती. मी शिकले. ती राहिली."

मी अजून अधूनमधून वसंतरावांकडे जाते. परवा त्यांनी गॅलरीत चहा दिला. तिथं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुलभानं बांधलेली एक दोरी आहे. निवृत्तीनंतर घरी शिकवणीला येणाऱ्या मुलांचे आलेख ती कपड्यांच्या चिमट्यांनी या दोरीला लावायची आणि मुलांना पार दाराशी उभं करून, तिथून काय दिसतं ते बोलायला लावायची. दोरीच्या अलीकडच्या टोकाला वसंतरावांचा टॉवेल आणि दोन सदरे एकमेकांवर दाटीवाटीनं वाळत होते. पलीकडे नुसते रंगीत चिमटे, सगळी दोरी मोकळी. मी म्हटलं, अहो, एवढी जागा आहे, जरा पसरून तरी घाला, वाळायचे नाहीत असे. त्यांनी कप खाली ठेवला. "वाळतात," म्हणाले, "वेळ लागतो जरा."