भावजींनी मागे घेतलेला लेख

भावजी,

हे पत्र आहे की लेख, ते मला विचारू नका. वाचनालयातल्या तुमच्या आठवणी-लेखनाच्या वर्गाच्या बाई परवा घरी आल्या होत्या. यंदाच्या पुस्तिकेसाठी त्यांना एका साध्या माणसाचं शब्दचित्र हवं आहे. बोलता बोलता म्हणाल्या, तुमच्या दिरांची खुर्ची रिकामी बघवत नाही हो. मी म्हटलं, मग त्यांच्यावर मीच लिहिते. तोंडातून गेलं आणि अडकले. कारण बाईंचा तो नियम आता मलाही लागू झाला: ज्या प्रसंगाबद्दल लिहायचं, त्या प्रसंगी हजर असलेल्या घरच्या एका माणसाला आधी वाचून दाखवायचं, मगच कागद वर्गात आणायचा. आता घरचं उरलंय कोण? तुमचे दादा गेले, सासूबाई त्यांच्याही आधी गेल्या. उरलात तुम्ही. आणि तुम्ही तर माझ्या दारावरून असे जाता, जसं काही माझ्या घरातून काहीतरी उचलून नेताय. म्हणून लिहून पाठवते आहे. तुम्हाला ठाऊक असलेलंही यात बरंच येईल. ते वाचकांसाठी आहे, तेवढा वेळ तुम्ही चष्मा पुसत बसा.

तर तुम्ही कवळ्या बनवता. दातांचे डॉक्टर नव्हे. डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेतात, ती मापं तुमच्याकडे येतात, आणि जिन्याखालच्या त्या चिंचोळ्या खोलीत तुम्ही त्यांत प्लास्टर ओतून साचे काढता, मेणात दात बसवता, मग पक्की कवळी घडवून चाकावर पॉलिश करता. कवळी बसत नसली की डॉक्टर माणसालाच तुमच्याकडे धाडतात. फळीवर अनोळखी लोकांचे जबडे ओळीनं मांडलेले, आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. तुमच्या भुवयांवरसुद्धा. कुणी विचारलं, काय करता, की तुम्ही म्हणायचात, "टेक्निकल लाइनला आहे." तुमचे दादा चिडायचे. "अरे, कवळ्या करतो म्हण की. लोक त्यांनी जेवतात." तुमच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या आणि तुम्ही विषय बदलायचात.

लाज हा तुमचा जुना सोबती. लग्नासाठी मुली बघायची लाज, मग न बघितल्याची लाज. उरलेल्या गुलाबी मेणाची तुम्ही छोटी माणसं करायचात. काय सुरेख करायचात. पण कुणी आत आलं की तळहातानं चेपून गोळा करून टाकायचात. बाल्कनीत माउथऑर्गन वाजवायचात, तोही समोरच्या घरातला टीव्ही सुरू असताना. आणि लिहायचात. हे मला कळलं ते मेणाच्या पट्ट्यांच्या खोक्यात हात घातला तेव्हा. मला मेणबत्तीच्या बुडाला लावायला तुकडा हवा होता. पट्ट्यांच्या मधोमध कागद. तुम्ही अशा चेहऱ्यानं बघितलंत की मला वाटलं, कुणा बाईची पत्रं सापडली. बघते तर काय, बसमध्ये ऐकलेली वाक्यं. 'अहो, तो मेला तेव्हा तर जास्त बोलायचा.' असली.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कशाला नाही. असंच."

"असंच कुणी मेणात लपवत नाही. लेखक व्हायचंय का?"

तुम्ही खोकं माझ्या हातातून काढून घेतलंत आणि म्हणालात, "वहिनी, हळू बोला ना."

खोलीत आपण दोघंच होतो.

दर शनिवारी जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या आत्मचरित्रांची पहिली पानं वाचणं, हा तुमचा छंद. फक्त पहिली. दुसरं पान वाचलं तर पुस्तक घ्यावं लागेल, असं तुम्हाला वाटायचं. एकदा म्हणालात, "वहिनी, सगळे आपल्या जन्मापासून सुरू करतात, जसं काही तिथे हजर होते."

"होतेच की हजर."

"हजर होते, पण बघत नव्हते ना."

हे वाक्य मला आवडलं होतं. तेव्हा मी तसं बोलले नाही, कारण तुम्हाला शाबासकी दिली की तुम्ही उठून घरी जाता. पण वाचनालयात वर्ग सुरू होतोय ही पाटी मीच वाचली आणि तुमचं नाव मीच घालून आले. तुम्ही माझ्याशी बोललाच नाहीत काही दिवस. मग गेलात, आणि मग रविवारी वर्ग सुटला की थेट माझ्याकडे चहाला यायला लागलात, नि काय काय शिकलात ते सांगायला लागलात. आठवणीत वास लिहायचा. आपणच शहाणे ठरू, असा प्रसंग निवडायचा नाही. बँकेतले निवृत्त साहेब प्रत्येक रविवारी एकेक बदली लिहून आणतात, आणि प्रत्येक बदलीत शेवटी मॅनेजर त्यांची माफी मागतो. आपण हसून हसून बेजार व्हायचो. तेवढ्या दिवसांत मी तुम्हाला मान वर करून चालताना पाहिलं.

मग तुम्ही आईंवर लिहिलंत. लिहिलंत, आणि नियम मोडून आधी वर्गात वाचलंत. बाई सांगत होत्या, तुमचा आवाज इतका थरथरत होता की त्यांनी पाणी पुढे केलं. वर्ग रडला. बदल्यांवाले साहेबसुद्धा रुमाल शोधायला लागले. त्या वर्षीच्या पुस्तिकेत पहिलाच लेख तुमचा, असं तिथल्या तिथे ठरलं. जन्मात तुमचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. कामाच्या जागी पाटीसुद्धा नाही तुमच्या नावाची. तुम्ही घरात आलात ते चपला घालूनच. "नियम आहे म्हणून वाचून दाखवतो," म्हणालात, "तसं आता ठरलेलंच आहे." आणि वाचलंत.

छान लिहिलं होतंत. आईंचे ओले हात, पदराला पुसायची ती सवय, सगळं तंतोतंत. मग ते वाक्य आलं: वडील गेले आणि आईच्या चेहऱ्यावरचं हसू त्यांच्याबरोबर गेलं, पुढे उरलेल्या आयुष्यात मी तिला एकदाही हसताना पाहिलं नाही. इथे तुम्ही थांबलात आणि माझ्याकडे बघितलंत. वर्गात इथेच लोक रडले असणार.

"कसं वाटलं?"

"भाषा चांगली आहे."

"आणि?"

"आणि खोटं आहे."

तुम्ही हसलात. "खोटं कसं, वहिनी? मी होतो ना तिथे."

"तुम्ही घरात असताना त्या हसत नव्हत्या. तुम्ही बाहेर पडलात की हसायच्या."

"माझ्यावर राग होता तिचा?"

"राग कसला. दात टोचायचे."

"कुठले दात?"

"तुम्ही केलेले."

मी गप्प राहायला हवं होतं, असं तुमचे दादा असते तर म्हणाले असते. मला नाही तसं वाटत. माझ्या सासूला तुम्ही रडकी करून टाकली होतीत, आणि ती तशीच छापली जाणार होती. ती बाई रडकी नव्हती. तेव्हा आपण सगळे एकाच घरात होतो. दुपारी तुम्ही कामावर गेलात की वाटीतल्या पाण्यात कवळी टाकायची आणि मोकळ्या तोंडानं अख्ख्या आळीच्या नकला करायची. तुमचीसुद्धा. "आमचा कारागीर," म्हणायच्या आणि तुम्ही दिव्याशी धरून दात कसे बघता ते करून दाखवायच्या, एक डोळा मिटून. हसून माझी पुरेवाट व्हायची. तेवढ्यात तुमच्या सायकलची घंटी वाजली की, "आला गं तुझा दीर, दे माझे दात." बसवायच्या, ओठ घट्ट मिटायच्या, आणि तुमच्यासाठी दार उघडायच्या. त्यांच्या उरलेल्या आयुष्यात तुम्ही पाहिलात तो हा मिटलेला चेहरा. मी एकदा म्हटलं होतं, सांगा ना त्यांना, घासून देतील. तर मलाच दटावलं. "पहिलं काम आहे त्याचं. बोलशील तर बघ."

सासरे गेले त्याच वर्षी तुम्ही ती कवळी केली होतीत. म्हणून तुमचा घोळ झाला. हसू गेलं त्या वर्षी, हे खरं. कशानं गेलं, ते चुकलं.

मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. तुम्ही कागदांची घडी घातलीत आणि गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलंत, "कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. खालची."

"हिरडीच्या आतल्या अंगाला?"

"आता ते मला काय माहीत."

"आतल्याच," तुम्ही म्हणालात. मग कागद खिशात ठेवत, "तिचं माप मीच घेतलं होतं. घेताना तिला ठसका लागला होता. ती हलली. साचा काढल्यावर तिथे उंचवटा दिसला मला. दुसऱ्यांदा माप घ्यायला हवं होतं. म्हटलं, बसेल हळूहळू. आणि विचारलं तर ती म्हणाली, छान बसलीय."

"मग परत नाही विचारलंत?"

"नाही. छान म्हणाली ना."

तुम्हाला ठसका आठवत होता, भावजी. उंचवटा आठवत होता. आणि लेखात तो नव्हता. आपण कशाला लाजायला हवं हे शोधायला तुम्हाला जन्मभर सराव, आणि नेमकं हेच निसटलं. तुमचा चेहरा मला बघवेना. कान लाल होतात ती लाज निराळी. ही पांढरी होती.

जाताना दारात म्हणालात, "ती कवळी आहे का अजून?"

"आहे. माझ्या शिवणाच्या डब्यात, डबीत घालून ठेवलीय."

"आणून द्याल? कामाच्या जागी. इथे नको."

"मंगळवारी येते," मी म्हटलं.

तुम्ही दुसऱ्याच दिवशी बाईंकडे जाऊन लेख परत मागितलात. बाईंनी समजावलं म्हणे, की आठवण ही आठवणच असते, ती ज्याची त्याची, तिला खरं-खोटं लावायचं नसतं. तुम्ही म्हणालात, "बाई, ते माझ्या हातचं काम आहे. मला कळतं कुठे चुकलंय ते." तुमच्या जागी साहेबांची शेवटची बदली छापून आली. तुम्ही वर्ग सोडलात, लिहिणं सोडलंत, चहालाही येईनासे झालात. मला याचाच संताप येतो. लिहिण्यासारखं हाताला लागलं, आणि तेव्हाच हात झटकून मोकळे. ठसक्यापासून सुरुवात करा ना. तिथे तुम्ही हजरही होतात आणि बघतही होतात.

आता मंगळवारचं सांगते. ते तुम्हाला माहीत नाही.

निघण्याआधी मी डबी उघडली. इतकी वर्षं कधी उघडली नव्हती. खिडकीशी नेऊन खालची कवळी उलटी केली. बाहेरून तुमचं पॉलिश अजून लखलखीत आहे. आतून मात्र डावीकडे बारीक ओरखडेच ओरखडे, एकावर एक, इतके की तिथे खळगा पडलाय. सासूबाई दुपारी माझ्याकडून नखं घासायची कानस मागून घ्यायच्या आणि खिडकीकडे तोंड करून बसायच्या. मला वाटायचं, म्हातारपणी नखांची हौस. नखं त्यांची कायम वेडीवाकडी. माझ्या लक्षात कसं आलं नाही, देव जाणे. थोडं घासायच्या, तोंडात घालून बघायच्या, पुन्हा थोडं. आणि जपून, बाहेरच्या बाजूला एक रेघ उठू न देता, कारण बाहेरची बाजू तुम्ही बघणार होतात.

मला ओरखडे दिसले. तुम्हाला त्यात तिच्या दुपारी मोजता आल्या असत्या.

तरी गेले. खोलीच्या दाराशी पोचले, तर तुम्ही एका आजोबांसमोर वाकून उभे होतात.

"टोचतंय?"

"नाही."

"नीट बघा. डावीकडे?"

"नाही हो."

"माझ्यासाठी म्हणून नाही म्हणू नका."

"अहो, टोचत नाही तर काय मुद्दाम टोचून घेऊ?" आजोबा वैतागले होते.

"बरं, हसा बघू. मोठ्यानं."

आजोबा कशावर हसणार? ते नुसते दात दाखवून बसले, आणि तुम्ही त्यांच्याकडे असे बघत होतात की मी पायरीवरूनच वळले.

पुढच्या मंगळवारी देऊ म्हटलं. मग माझा गुडघा धरला. मग तुम्ही मागितली नाहीत, आणि मी विषय काढला नाही. मधे पिशवीचा बंद तुटला, नवी पिशवी घेतली, डबी नव्या पिशवीत गेली. भाजीला निघाले की ती आत खुळखुळते. तुमच्या जिन्यापाशी आले की मी वरून हात दाबून धरते, आवाज होऊ नये म्हणून, आणि पुढे जाते.