अमेरिकेतल्या विद्यापीठात गाई किती

आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा तेजराम अठ्ठ्याहत्तर साली सहा महिने अमेरिकेत राहून आला. तिथल्या विद्यापीठांत त्याने धानातल्या तणांवर व्याख्यानं दिली. मी त्याच कॉलेजात कारकून, म्हणून अड्याळला, त्याच्या गावी, सत्कार झाला तेव्हा मीही गेलो होतो. तिथेच घात झाला.

तेजरामला खोटं बोलता येत नसे. हा गुण वर्गात खपतो, गावात नाही. अमेरिकेतली पोरं मास्तरापुढे टेबलावर पाय ठेवून बसतात, असं त्याने सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. तिथले प्राध्यापक अर्धी चड्डी घालून शिकवतात, तेही लोकांनी पचवलं. मग तो म्हणाला की विद्यापीठाला कुंपणच नाही, शंभर एकरांवर हिरवंगार गवत आहे आणि ते दर आठवड्याला यंत्राने कापून फेकून देतात. गुरं? एकही नाही.

तेजराम थापाड्या आहे हे ठरवूनच सभा उठली. धानाच्या तणसाची काडी न् काडी जपून गुरं जगवणाऱ्यांना माणूस चंद्रावर गेलेला चालतो, कापलेलं गवत फेकलेलं चालत नाही.

ही कीर्ती आठ दिवसांत कोंढ्याला पोचली. तिथल्या पुंडलिकरावांच्या मुलाशी तेजरामच्या लेकीची, विमलाची, सोयरीक मी जुळवत आणली होती. पुंडलिकरावांनी निरोप धाडला, थापाड्याच्या घरची पोरगी करावी की नाही ते समोर बसून ठरवू. विमलाला मुलगा मनापासून आवडला होता. कधी काही न मागणारी ती पोर माझ्याकडे येऊन म्हणाली, "काका, बाबाले सांभाळून घ्या." मी तेजरामला बजावलं. तो म्हणाला, पाहू. मला असा राग आला की सांगता सोय नाही.

कोंढ्याला चहा झाला. पुंडलिकरावांनी देण्याघेण्याचा विषयसुद्धा काढला नाही.

"मास्तर, तिथं गवत फेकून देतेत म्हणे. खरं का?"

तेजरामने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या पायावर पाय दिला. दाराआडच्या बांगड्यांचा आवाजही थांबला.

"नाही," तो म्हणाला. "मागच्या बाजूले गाई आहेत."

"किती?"

"चारशे."

पुंडलिकरावांनी मनात हिशेब केला. "शंभर एकरात चारशे कशा जगतीन?"

"चुकलो. दोनशे," तेजराम म्हणाला. थापेतसुद्धा त्याला चूक सहन होईना.

"अन् राखते कोण?"

"प्राध्यापक. पाळीपाळीनं."

पुंडलिकरावांचा चेहरा खुलला. विद्यापीठातली माणसं दिवसभर करतात काय, हे त्यांना पहिल्यांदाच नीट कळलं होतं. आपल्या कॉलेजातही ही पद्धत सुरू करावी, असं त्यांनी मला कारकून म्हणून सुचवलं. साखर वाटली गेली, तारीख ठरली.

परतीच्या एसटीत मी पोट धरून हसत होतो. शिकल्यासवरल्या माणसाने दोनशे गाई उभ्या केल्या म्हणून त्याची पाठही थोपटली. तेजराम हसला नाही. अड्याळ मागे पडलं तेव्हा कुठे बोलला.

"त्या गवतावर रोज दुपारी मी एकटाच जेवत होतो गा. सहा महिन्यांत एक माणूस जवळ येऊन बसला नाही. अड्याळले हे मी सांगतलंच नाही." मग म्हणाला, "खरंच एखादी गाय असती त बरं झालं असतं."