पऱ्हाटीचा कोळसा

आमच्या घरी पोटभर जेवण म्हणजे कार्तिकापासून होळीपर्यंत. तापीकाठची जमीन आमचीच, पण दर पावसाळ्यात नदी तिचा लचका तोडायची, आणि उरलेल्या तुकड्यावर सात माणसं. होळीनंतर भाकरी आणि पाण्यात कालवलेलं लाल तिखट. वडील त्यातच गेले. त्यांचा फोटो नाही. नंदुरबारला फोटो काढून घेणारी माणसं पेढीवाल्यांच्या घरची. आम्ही तिथे मिरची घेऊन जायचो आणि परत यायचो. वडिलांचं नाक कसं होतं, यावर आम्हा दोघा भावांचं आता जुळत नाही.

म्हणून आईच्या पायांवर सूज आली तेव्हा मी ठरवलं, हिचं चित्र काढायचं. मी उन्हाळ्याच्या सुटीत कॉलेजातून घरी आलो होतो. आमच्या घराण्यात कॉलेजचं दार पाहिलेला मी पहिला, हे मी मान वर करून सांगतो. वैद्य म्हणाले होते, सूज तोंडावर चढली की काही खरं नाही. फोटोसाठी बैलगाडीत घालून तिला नंदुरबारला नेणं शक्यच नव्हतं. वसतिगृहातल्या एका सोबत्याने मला कोळशाने चेहरे काढायला शिकवलं होतं. कागद होते, कोळशाच्या कांड्या संपल्या होत्या.

त्या घरी करता येतात. कापूस वेचून झाल्यावर उरलेली पऱ्हाटी परसात रचलेली होती. तिच्या बोटाएवढ्या काड्या सोलल्या, मडक्यात दाटून भरल्या, झाकणी ठेवून सांधा शेणमातीने लिंपला, एक बारीक भोक ठेवलं आणि मडकं गोवऱ्यांच्या विस्तवात ठेवलं. भोकातला धूर विरळ झाला की तेही बुजवायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. वारा लागला की राख, पाणी लागलं की चिखल.

हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. तिथेच चुकलो. आमच्याकडे स्वयंपाक आटोपला की बायका निखाऱ्यांवर पाणी मारतात आणि कोळसे वाळवून लोहाराच्या भात्याला देतात. वहिनीने तापलेलं मडकं पाहिलं आणि माझं काम हलकं व्हावं म्हणून तांब्याभर पाणी ओतलं. मडकं तडकलं.

"भाऊ, तुमना कोयसा विझाडी दिना," ती म्हणाली.

मी खापरं आणि भिजलेल्या काड्या उकिरड्यावर टाकल्या.

घरात दुसरं मडकं एकच होतं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वडिलांच्या नावाने पाणी भरून पुजायला आणलेलं, कोरं. दोन दिवस मी गावात मडकं मागत फिरलो. आखाजीच्या तोंडावर कोण देणार? शेवटी आईच म्हणाली, "ते ले. तुन्हा बाप काय रागे भरी? तो ते फुटेल मडकानं पानी पिसन गया."

"मंग त्याले काय भरसूत?" भाऊ म्हणाला.

"यंदा तांब्या भर. पुढला सालले दोन लयजो, एक मन्हा नावनं."

या वेळी मी दिवसभर मडक्यापाशी बसून राहिलो. सकाळी झाकणी काढली. काड्या सरळ, काळ्याभोर, नखाने टिचकी मारली तर काचेसारख्या वाजत होत्या. पुढे विकतचाही इतका चांगला कोळसा मी पाहिला नाही.

त्याच सकाळी आईचे डोळे उघडेनात. सूज गालांवर चढली होती, ओठ एका बाजूला ओढले गेले होते. मी तरी कागद घेऊन बसलो. आठवणीतून काढायला गेलं की हात थांबायचा, म्हणून समोर होतं तेच काढलं. संध्याकाळी भावाला दाखवलं. त्याने कागद दिव्याजवळ नेला.

"हाई माय नही शे."

"आते अशीच शे ती," मी म्हणालो.

"मंग कसाले काढं?"

आई चौथ्या दिवशी गेली. पुढच्या वर्षी मी बी.ए. झालो. आईचं चित्र माझ्याजवळ आहे, त्यात एकही रेघ चुकलेली नाही. आमच्या घरात ते कोणी ओळखत नाही.