शेवटच्या पेपरापर्यंत

"आमी बौद्ध. आधीच सांगते, म्हणजे भाडं एकदाच वाढवा!" घर बघायला गेल्यावर सिस्टर चप्पल काढायच्या आधीच हे सांगून टाकायच्या. मालकाचं हसू तिथंच मावळायचं.

त्या सरकारी दवाखान्यात नर्स, म्हणून सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची. परभणीत भाड्यानं राहिला असाल तर तुम्हालाही ठाऊक असेल, करार अकरा महिन्यांचा आणि बाराव्याला भाडं वाढलंच म्हणून समजा. माझ्या समोरच्या घरात त्या दोन वर्षं राहिल्या. लेक बारावीला होती. परीक्षा तोंडावर आली आणि मालकानं एकदम दीड हजार वाढवून मागितले. नाहीतर खोल्या सोडा, म्हणे घरात लग्न आहे. ठरलेली थाप!

"लग्न हाय? मग पत्रिका दाखवा," सिस्टर म्हणाल्या. "लेकीचा शेवटचा पेपर झाला की त्याच दिवशी चावी तुमच्या हातात. त्याआधी मी हलायची न्हाई."

मालकानं बोअरची मोटर बंद केली. काय बहाद्दर माणूस! सिस्टर मग ड्यूटीला जायच्या आधी माझ्या हौदातून आठ घागरी वाहायच्या. मी घागरीला हात लावला की म्हणायच्या, "राहू द्या सर. पोरगी खिडकीतून बघायलीय. आईचं अडलंय असं तिला वाटू नये."

संध्याकाळी आम्ही दोघं घरं बघत फिरायचो. दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी, आणि आत गेलं की "कालच गेली हो." मी चिडायचो. त्या म्हणायच्या, "चिडून घर मिळतं का सर? चला, पुढचं दार वाजवू." लेकीला मात्र सांगायच्या, "घर कवाच मिळालंय, तू अभ्यास कर."

आता तुमच्यापासून काय लपवू? माझ्याच घरावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. सोयरे काय म्हणतील या भीतीनं मी सिस्टरांना म्हणालो, "भाचा येणार आहे राहायला." वर्गात अठ्ठावीस वर्षं समतेचे धडे शिकवले मी! माझ्याकडं त्यांनी कसलाही पुरावा मागितला नाही.

शेवटच्या पेपरच्या दिवशी टेम्पो भरून उभा होता. लेक केंद्रावरून आली.

"आई, कुठंय आपलं नवं घर?"

"सध्या झरीला, मामाकडं. मी एसटीनं जाऊन-येऊन करीन."

लेक टेम्पोत पुढं जाऊन बसली. सिस्टरांनी चावी मालकाच्या हातात ठेवली आणि माझ्याकडं वळल्या. "सर, तुमच्या पाण्यावर परीक्षा पार पडली. लय उपकार झाले." लाजेनं माझी मान वर होईना.

निकालाच्या दिवशी त्या पेढे घेऊन आल्या. लेक चांगल्या मार्कांनी पास झाली होती. मी म्हणालो, "आत या, चहा घ्या."

"न्हाई सर, पुढच्या गल्लीत घर बघायचंय."

भाचा आला का, एवढंही त्यांनी विचारलं नाही.