नववीच्या पुस्तकातलं 'मले'

आमच्या शाळेत नववीला शनिवारी एक तास अवांतर वाचनाचा असतो. काही वर्षांपूर्वी मुख्याध्यापिका बाईंनी तो माझ्याकडे सोपवला आणि म्हणाल्या, "पुस्तकं तुम्हीच निवडा. फक्त एवढं बघा, की या वर्गात बसणारी पोरं त्या पुस्तकांतही कुठंतरी दिसली पाहिजेत."

मी मराठी शिकवते. मोठं होत जाणाऱ्या मुलांच्या गोष्टी म्हटल्यावर मला आठवल्या त्या माझ्या लहानपणीच्या. सुट्टीत मामाकडे जाणारी, पुढे डॉक्टर होणारी मुलं. चांगलीच होती ती पुस्तकं. पण माझ्या वर्गात कळमन्याच्या बाजारात पोती उचलणाऱ्यांची मुलं होती आणि गांधीबागेतल्या कापड दुकानदारांचीही. दसऱ्याला पांढरे कपडे घालून घरच्यांसोबत दीक्षाभूमीवर जाणारी होती, घरी उर्दू आणि शाळेत मराठी बोलणारी होती. या सगळ्यांना पुरेल असं काय द्यावं, मला सुचेना.

शेवटी बाईच माझ्यासोबत सीताबर्डीला आल्या. पुस्तकांच्या दुकानात आम्ही दोघी दुपारभर स्टुलावर बसून होतो. सायकल शिकण्यासाठी घरात भांडणारी एक मुलगी सापडली, कमी ऐकू येणारा एक मुलगा सापडला, आश्रमशाळेतून घरी पळून आलेला एक सापडला. एक कादंबरी मात्र मी बाजूला ठेवली. वर्धेकडच्या खेड्यातल्या एका मुलीची ती गोष्ट, पहिल्या पानापासून वऱ्हाडीत सांगितलेली. त्यात तिला पहिली पाळी येते, तो प्रसंगही सविस्तर होता.

"हे वर्गात कसं वाचायचं, बाई?"

बाईंनी ती उचलून गठ्ठ्यावर ठेवली. "वर्गातल्या पोरींना पाळी येते. मग पुस्तकातल्या पोरीला काहून येऊ नये?"

त्या कादंबरीचं पहिलं वाचन मला अजून आठवतं. सुरुवातीलाच 'मले मायनं हाक मारली' असं वाक्य होतं. वर्ग फिसकन हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "मॅडम, पुस्तकात असं चालते?" मी म्हटलं, चालतं, आणि पुढचं कोण वाचणार म्हणून वर्गाकडे पाहिलं. खिडकीजवळच्या मुलीनं हात वर केला. वर्षभरात तिनं हात वर केलेला मी पाहिला नव्हता. वाचायला उठवलं की ती अक्षरावर अक्षर ठेवत चालायची आणि मध्येच थांबायची. त्या दिवशी ती वाचत सुटली. कुठं आवाज खाली घ्यायचा, माय रागावते तेव्हा कसा चढवायचा, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. हसणं कधी थांबलं ते कळलंच नाही. तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग हलला नाही.

दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. कळमन्याहून संत्र्यांचा टेम्पो चालवणारे गृहस्थ, बोलण्यात अदब होती, पण चेहरा उतरलेला.

"मॅडम, हे काय शिकवून राहिले तुम्ही? 'मले-तुले' तर पोरगी घरीच शिकते. त्याच्यासाठी शाळेत कायले पाठवू?"

मी काही बोलणार, तोच ते पुढे म्हणाले, "मी एकदा कंपनीत नोकरीसाठी गेलो होतो. मी तोंड उघडलं आन् समोरचे दोघं हसले. पोरीवर ती वेळ येऊ नये, एवढंच म्हणणं आहे माझं."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. बाईंनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा मागवला.

"भाऊ, तुमच्या पोरीनं त्या दिवशी कसं वाचलं ते ऐकलं का तुम्ही?"

"नाही."

"मग पुस्तक घरी न्या. तिला वाचाले सांगा आन् ऐका. पेपरात 'मला' लिहायचं, ते या मॅडम तिच्याकडून करून घेतील. नंतरही तुम्हाले वाटलं, की नको, तर आपण पुन्हा बोलू."

पुढच्या आठवड्यात ते पुस्तक परत द्यायला आले. जेवणं झाली की मुलगी रोज थोडं वाचायची. तिची आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, उभी राहून ऐकायची. पाळीचा प्रसंग आला तेव्हा ते उठून अंगणात गेले, हे त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं. "आतून मायलेकींचं हसणं आलं. आमच्याकडे या गोष्टी कोणी बोलत नाही, मॅडम. तिच्या मायले तर कोणीच काही सांगतलं नव्हतं." मग म्हणाले, "दुसरं एखादं आहे का असं? तिची माय विचारून राहिली."

सायकलवालीचं पुस्तक त्यांना दिलं. बाईंनी शब्द दिला होता, तो मी पाळला. शाळा सुटल्यावर ती मुलगी थांबायची आणि आम्ही एकच गोष्ट दोन्ही भाषांत लिहायचो. दहावीला मराठीत तिला चांगले गुण पडले. आज ती कॉलेजात आहे, कथाकथनाला उभी राहते. बाई निवृत्त झाल्या. त्या दुपारी त्यांनी ती कादंबरी गठ्ठ्यावर ठेवली नसती, तर मी ती नक्कीच फळीवर परत ठेवली असती. शिकवणं मी पदवी घेताना शिकले असेन, पण वर्गातल्या पोरांकडे बघायला मला त्यांनी शिकवलं, आणि तावातावानं न भांडता आपली भीती आमच्यासमोर मांडणाऱ्या त्या बापानंही.

आता पुस्तकं निवडायला मी नववीतल्या मुलांनाच सोबत घेते. परवाच एका मुलीनं एक देखणं, जाडजूड पुस्तक माझ्यापुढे सरकवलं.

"हे नको, मॅडम. यातल्या पोराले पुस्तकभर एकदाही भूक लागत नाही."

आम्ही ते घेतलं नाही.