पुड्यावरच्या गाठी

बाबूशेठ पुडा बांधताना कधी खाली बघायचे नाहीत. डोळे गिऱ्हाइकाच्या तोंडावर, हात कागदावर. जुन्या वर्तमानपत्रात साखर ओतायची, चार घड्या, दोऱ्याचे दोन वेढे, की दातानं दोरा तोडायचा. तेवढ्यात समोरच्या बाईच्या घरातलं निम्मं त्यांना कळलेलं असायचं. पुणतांब्यात आमच्या चर्चच्या रस्त्यालाच त्यांचं किराण्याचं दुकान. पुढच्या दगडी ओट्यावर बसून बायका मन मोकळं करायच्या, कारण शेठचा एक कायदा होता. "वट्यावरचं वट्यावर. खाली उतरली की तू न्हाई बोलली अन् म्या न्हाई ऐकलं."

त्या कायद्याचं फळ मीही खाल्लंय. मी नर्सिंगला जाऊ नये म्हणून वडील हटून बसले होते. मी गुपचूप अर्ज केला आणि पत्ता शेठच्या दुकानाचा दिला. प्रवेशाचं पत्र आलं ते त्यांनी चहाच्या पुड्यात घालून माझ्या हातात ठेवलं. वडील रोज तिथं तंबाखू घ्यायला जायचे, पण शेठनी चकार शब्द काढला नाही. पोटात ठेवावं ते शेठनीच, असं मी पुढं कितीजणींना कौतुकानं सांगितलं. भोगायची पाळी माझ्यावर येईल, हे तेव्हा काय ठाऊक!

शिकून मी दुबईला गेले, तिथून जर्मनीला. वडील वारले होते. आई, गावाची मार्थाबाई, घरी एकटीच. दर रविवारी मी आधी आईला फोन करायची, मग शेठना. त्यांना परदेशातल्या दुकानांचं भारी कौतुक. दुबईचं दुकान एवढं अवाढव्य, की मीठ शोधता शोधता मी दोनदा मासळीपाशी पोचले होते. पण तिथं खजूर चाखून घेता यायचा आणि पिशवी भरून द्यायला माणूस उभा असायचा. जर्मनीत सगळं उलटं. काउंटरवरची बाई माल असा पुढं ढकलायची, जसं काही मी तिच्या उसात शिरताना सापडले होते! पिशवी आपली आपणच भरायची, तीही मागच्याच्या कपाळाला आठी पडायच्या आत. रविवारी तर सगळ्यालाच टाळं. पुढं पुढं बाईही गेली, आपणच माल मशीनला दाखवायचा.

"मशीन इचारती का, आई बरी हाय का म्हनून?" शेठनी विचारलं.

"छे! नुसतं धन्यवाद म्हणते."

"मंग त्ये दुकान न्हाई, गोडाऊन हाय. तुजी दुबई बरी, मानूस तरी हाय."

मी पोट धरून हसायची आणि शेवटी न चुकता विचारायची, "शेठ, आई बरी आहे ना?"

"झकास! कालच येऊन गेली. तू तुजं काम कर."

दोन वर्षं रजा मिळाली नाही. मग एका नाताळाला घरी आले. फळीवर पुडे ओळीनं मांडलेले, साखरेच्या दोऱ्याला एक गाठ, मिठाच्या दोन, चहाच्या तीन. मला गंमत वाटली. सकाळी आई चहाला उठली आणि पुड्यांवरून बोटं फिरवायला लागली. एक गाठ लागली तसा तो पुडा उचलला. मी तिच्या बाजूला उभी राहून हात हलवला. तिला पत्ताच नाही.

काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात थोडी नजर शिल्लक. नगरचे डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणलं असतं तर थेंबांवर बरीच राखता आली असती. थेंब! जर्मनीतल्या वृद्धाश्रमात मी सकाळ-संध्याकाळ परक्या आज्यांच्या डोळ्यांत तेच तर घालते.

नगरहून परतले ती थेट दुकानात गेले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"दोन दिवाळ्या झाल्या. मार्थाबायनं शपथ घातली. म्हनली, पोर नोकरी सोडून यील."

"आणि मला झकास म्हणून सांगत होतात?"

"वट्यावरचं वट्यावर, पोरी. तुजं पत्र बी आसंच ठिवलं हुतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पत्र आणि डोळे एकाच पारड्यात? ज्या हातांनी आईसाठी गाठी मारल्या, त्याच हातात फोन धरून माझा केसानं गळा कापला होता. "तुमच्यापेक्षा ती जर्मनीची मशीन बरी," मी ओरडले. "आईची चौकशी करत नाही, पण खोटंही बोलत नाही!"

पुडा बांधता बांधता शेठनी त्या दिवशी पहिल्यांदा खाली पाहिलं.

मी त्यांना फोन करायचं सोडलं. उन्हाळ्यात ते गेले. आईनं सांगितलं, मी नुसतं "बरं" म्हणाले. रडू आलं नाही, आणि न आल्याचा राग मात्र त्यांच्यावरच काढला.

यंदा रजेवर आले तर दुकान बंद. आईचा माल आता राहात्याच्या सुपरमार्केटातून येतो. साखर काय नि मीठ काय, सारखीच गुळगुळीत पिशवी. पहिल्याच सकाळी आईनं चहा केला. मी घोट घेतला.

"कसा झालाय गं?"

"झकास," मी म्हणाले. शब्द तोंडातून सुटला आणि कुणाचा ते लक्षात आलं. मी कप खाली ठेवला. "खारट झालाय, आई. मीठ पडलंय."

आईनं माझा कप चाचपून एक घोट घेतला. मग म्हणाली, "शेठ आसता तर गपगुमान पिला आसता."

"म्हणून तर," मी म्हणाले, आणि दोरा शोधायला उठले.