टाचणवहीचं एक पान

आमच्या बायकोला दूधवाल्यापासून सुनेपर्यंत सगळेच 'बाई' म्हणतात, म्हणून मीही बाईच म्हणतो. सव्वीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतायत. बोलणं मोजकं, आवाज आता पार बसलेला, आणि खोटं बोलायची अजिबात अक्कल नाही. या एका गोष्टीपायी मी आयुष्यात किती पाहुण्यांसमोर तोंडघशी पडलोय, ते असो.

शिक्षकांना रोजच्या तासाची नोंद ठेवावी लागते. त्या वहीला टाचणवही म्हणतात. बाकीचे लोक महिन्याभराचं टाचण एका बैठकीत उरकतात आणि मुख्याध्यापक न वाचता सही ठोकतात. बाई मात्र तास संपला की तिथल्या तिथे लिहिणार, आणि वर्गात जे झालं तेच लिहिणार.

नववीला हृदयाचा धडा चालू होता. एका मुलीनं विचारलं, "बाई, प्रार्थना केली की बंद पडलेलं हृदय परत चालू होतं का?" तिचे वडील आठवडाभर दवाखान्यात होते.

बाई म्हणाल्या, "मी रोज सकाळी प्रार्थना करते. पण तिनं हृदय चालू झालेलं मी पाहिलेलं नाही. आधी डॉक्टर."

प्रश्न आणि उत्तर, दोन्ही टाचणवहीत गेलं.

मुलीनं घरी जसंच्या तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिचे काका शाळेत हजर. बाईंनी आमच्या श्रद्धेची टिंगल केली म्हणाले. त्याच दुपारी दुसऱ्या एका पालकाची चिठ्ठी आली, विज्ञानाच्या तासाला प्रार्थनेचा प्रचार कशाला? एका दमात आस्तिक आणि नास्तिक दोघांनाही दुखवायचं कसब आमच्या बाईंकडेच.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही, घाबरट आहे. बाईंना बोलावून म्हणाले, "तुम्ही असं बोललाच नाहीत म्हणा, मी मिटवतो. पण तुम्ही ते लिहून ठेवलंय हो! कोणी लिहितं का असं? नवी वही करून आणा, जुनी फाडून टाका. 'हृदयाची आकृती काढून घेतली', बास. नाहीतर मला तुमचे वर्ग काढून घ्यावे लागतील."

रविवारी जेवणं झाल्यावर बाई कोरी वही घेऊन टेबलाशी बसल्या. शाळा सुरू झाल्यापासूनची सगळी पानं उतरवायची होती. त्या पानापाशी आल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मी बोललेच नाही म्हटलं, तर ती मुलगी घरी खोटं बोलली असं होईल."

माझं डोकंच फिरलं. "अगं, तिला कोण विचारतंय? पोरं चार दिवसांत विसरतात. तुझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत. ती काय वर्गाबाहेर बसून पुस्तकांवरची धूळ झटकत काढणार आहेस?"

"दमलेय हो मी."

"म्हणूनच सांगतोय. लिहून टाक."

बाईंनी लिहून टाकलं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी आत जाऊन ढाराढूर झोपलोसुद्धा.

सोमवारी संध्याकाळी बाई आल्या त्या खांद्यावरची पिशवी न काढताच खुर्चीत बसल्या. मी विचारलं, "मिटलं ना?"

"मिटलं. काकांना नवी वही दाखवली." मी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं.

"मुख्याध्यापक त्या मुलीला घेऊन माझ्या तासाला आले. काका दाराशी उभे. सगळ्या वर्गासमोर तिला माझी माफी मागायला लावली. बाई न बोललेलं मी घरी सांगितलं, चुकले, म्हणून."

"आणि तिनं मागितली?"

"मागितली. माझ्याकडे बघत उभी राहिली. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटत होतं."

"मग?"

"मी म्हटलं, बस खाली."